माउस आला म्हणून कीबोर्ड काढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करून काम करायची कमांड लाइन भारी की बटणं-आयकॉनवाली स्क्रीन, यावर आम्ही सॉफ्टवेअरवाले तासनतास भांडतो, पण ते रोज वापरणार कोण हे फार कमी वेळा विचारतो. ही चूक मीही केलीये म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने डेटा एन्ट्रीचं एक जुनं सॉफ्टवेअर बदललं. जुनी स्क्रीन नुसती अक्षरांची, माउस चालायचाच नाही, आम्हाला ती मागासलेली वाटायची म्हणून नव्यात ड्रॉपडाउन, कॅलेंडर, पॉपअप सगळं घातलं. मग एक दिवस ऑपरेटर ताईंच्या शेजारी जाऊन बसलो. आधी त्यांची नजर कागदावरून हलत नसे, बोटं आपोआप टॅब, एन्टर करत पुढे जायची, आणि आता प्रत्येक तारखेला हात उचला, माउस धरा, कॅलेंडरवर क्लिक करा, परत कागदावरची ओळ शोधा, दिवसभर तेच. "दिसायला छान आहे हो, पण हात दुखतो," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. नंतर टॅबचा क्रम आणि शॉर्टकट नीट लावले, जे पहिल्या दिवशीच हवे होते.

म्हणून कमांड लाइनच खरी असं मुळीच नाही. सहा महिन्यांतून एकदा बदलायच्या सेटिंगसाठी कमांड कोण पाठ ठेवणार, तिथे पर्याय समोर दिसायलाच हवेत. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कमिट (बदलाची नोंद) मी कमांडनेच करतो, पण दोघांनी एकाच फाइलीत तीच ओळ बदलली असेल तर दोन्ही बदल रंगात शेजारी-शेजारी दाखवणारी स्क्रीन उघडतो. उलट हजार फाइलींची नावं बदलायची असतील तर कमांडची एक ओळ पुरते, ती सेव्ह करून उद्या परत चालवता येते, सहकाऱ्याला पाठवता येते. क्लिक कसे पाठवणार?

अमेरिकन संगणक संशोधक डग्लस एंगलबार्टने 1968 मध्ये माउस लोकांसमोर दाखवला तेव्हा त्याच्या एका हातात माउस होता आणि दुसऱ्या हाताखाली पाच बटणांचा कीसेट, म्हणजे बटणं एकत्र दाबून अक्षरं टाइप करायचं छोटं साधन. दोन्ही एकाच वेळी वापरायची त्याची कल्पना होती, आपण त्यातला फक्त माउस घेतला.

आता नवीन स्क्रीन झाली की मी माउस बाजूला ठेवून अख्खा फॉर्म भरून बघतो आणि कुठे अडलो तर ती पुढे पाठवत नाही. ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करतात, त्यांच्याकडे तर माउसचा पर्यायच नसतो.

आपला,
एक सॉफ्टवेअर डेव्हलपर