अण्णा, तुमचं फिलर गेज माझ्याकडे आहे

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आधी कामाचं सांगते. तुमचं फिलर गेज, प्लगची फट मोजायचं ते, माझ्या गाडीत राहिलंय. काल दाराच्या खणातल्या पावत्या आवरताना हाताला लागलं. तुम्ही आठवडाभर पोराला ओरडत असाल, तर त्याला सोडा, त्याची चूक नाही.

तुम्ही गाडी दुरुस्त करून दिलीत त्या दिवशी शाळेतला पहिला तास चुकू नये म्हणून मी पैसे तुमच्या हातावर ठेवले आणि पळाले. आभार मानले की नाही, तेही आठवत नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण प्लग बदलून माझ्यासारखे गोत्यात आलेले आणखी असणार. तुम्ही फोनवर वाचत नाही हे माहीत आहे. धाकटीला मोठ्यानं वाचायला लावा.

तुम्ही सोडून बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली, त्याच आठवड्यात मी गाडीचे चारही स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतात ते) बदलून घेतले. गाडी २०११ ची, पेट्रोलवरची. जुनी झाली तरी कुरकुर नव्हती, मायलेज जरा उतरलं होतं एवढंच. गॅरेजचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. उलट बॅटरी काढून टर्मिनलवरची पांढरी बुरशीही त्यांनी फुकटात साफ करून दिली. मी खूश. (ही बुरशी लक्षात ठेवा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत गाडी चालू केली. पाच सेकंदांत बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला तेव्हा टिकली. गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरवर पाय उचलला की परत मेली. विजापूर रोडला लागून चार-पाच मिनिटं झाली की काही झालंच नाही अशी चालायची. माझ्याबरोबर शाळेच्या आणखी दोन बाई असतात. त्या बिचाऱ्या रोज उतरून ढकलायच्या तयारीनं बसायला लागल्या.

आम्ही सोलापूरकर ‘गारठ्यानं गाडी बंद पडते’ म्हटलं की लोक हसतात. मे महिन्यात डांबर वितळतं आमच्याकडे, कसला गारठा! पण इंजिनाचा गारठा वेगळा, हे मला तुमच्याकडेच कळलं. चालू इंजिनातलं पाणी नव्वद डिग्रीच्या आसपास असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी त्यापुढे मे महिन्यातल्या पहाटेही गारच. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल घट्ट असतं, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं त्याला पेट्रोलही जास्त लागतं आणि हवाही.

गॅरेजला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा शाळा सुटल्यावर, दुपारी, पंचवीस किलोमीटर पळून तापलेली गाडी घेऊन. साहेब तपासणीला आले की वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगं हाताची घडी घालून बसतं, तशी गाडी त्यांच्या दारात वागायची. मग अंदाज सुरू झाले. प्लगचा लॉट खराब असेल म्हणून दुसरा सेट बसवला, पुन्हा माझ्याच पैशानं. सकाळी तेच. मग कॉइल, मग इंजेक्टर, शेवटी फ्युएल पंप. पंपाचा आकडा ऐकल्यावर मी गाडी उचलली.

तुमच्याकडे आले तेव्हाही दुपारच होती. तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणालात, “आत्ता बघून काय उपयोग? गार असताना बंद पडतीय तर गारच बघायला पाहिजे की ओ. ठेवून जावा रात्रभर. सकाळी सहाला या, तुमच्यासमोरच चालू करतो.” अण्णा, महिनाभरात हे कुणीच म्हणालं नव्हतं. मला स्वतःलाही सुचलं नव्हतं, आणि मी पोरांना विज्ञान शिकवते.

त्या सकाळचं सगळं आठवतंय. चहासुद्धा न घेता तुम्ही आधी स्कॅनर लावला आणि दोन आकडे दाखवलेत: इंजिनाच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत. होते. म्हणजे तापमानाचा सेन्सर खोटं बोलत नाही. मग चावी फिरवलीत. गार असताना इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा हजाराच्या बराच वर, बाराशे-तेराशेला जायला हवा. तो सहाशेला लटपटला आणि गाडी बंद. दुसऱ्यांदा तुम्ही ॲक्सिलरेटर किंचित, अगदी नखभर दाबून धरलात. गाडी सुरळीत चालली. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, “ऐका. चौघंही बोलायलेत. प्लग मिस करत असता तर एकाचा आवाज गेला असता, पाय दाबला तरी. हिला ठिणगी कमी नाही, हवा कमी आहे.”

त्यानंतर तुम्ही जो प्रश्न विचारलात, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. “प्लग बदलले त्या दिवशी बॅटरीची वायर काढली होती का?”

ती पांढरी बुरशी!

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं दार, खोलून दाखवलीत तेव्हा आत चुलीवरच्या तव्यासारखी काजळी. तुम्ही समजावलंत तेही माझ्याच भाषेत: “काजळी वर्षानुवर्षं साठत गेली, तशी गाडीचा कॉम्प्युटर आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना हवा सोडणारा व्हॉल्व्ह थोडा थोडा जास्त उघडायला शिकला. बॅटरी काढली आणि शिकलेलं सगळं पुसलं. आता समजा जुन्या बाईंची बदली झाली. त्यांना ठाऊक होतं कुठल्या पोराला पुढं बसवायचं. नव्या बाई आल्या, त्या हजेरीपटाप्रमाणे चालायलेत.” म्हणजे कॉम्प्युटर कोऱ्या, स्वच्छ थ्रॉटलचा हिशेब धरून बसला होता आणि तेवढी हवा काजळीतून जात नव्हती. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं, की कमी हवेतही भागायचं. गार असताना नाही. प्लगचा गुन्हा एवढाच, की ते त्याच दिवशी बदलले गेले.

तरी तुम्ही प्लग सोडले नाहीत. चारही काढून गेज लावलंत. तिघांचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.१ मिलिमीटर, एकाचा ०.८, बहुतेक बसवताना हातातून पडलेला. एक तर नुसता हातानं फिरवून ठेवलेला, पाना लागलाच नव्हता. डिकीत मी जुने प्लग जपून ठेवले होते, ते बघून तुम्ही हसलात. टोकाचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, म्हणजे आतलं जळणं उत्तम. हवेचे रबरी पाइप हलवून, वाकून बघितल्यावर तुम्ही सहज म्हणालात, “मला पण आधी पाइपच सुटलाय वाटलं होतं.” हे कबूल करणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच बघितला. आमच्या स्टाफरूममध्येही असं कुणी म्हणत नाही.

साफसफाईला तासभर गेला. स्प्रे आणि मऊ फडकं. पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं काजळी खरवडायला घेतली तेव्हा तुम्ही त्याच्या हातावर चापट मारलीत. मग गाडी नुसती उभी ठेवून चालू, एसी बंद, दिवे बंद, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत. मग एसी लावून थोडा वेळ. कॉम्प्युटरला नव्यानं शिकू द्यायचं म्हणे. प्रत्येक गाडीची ही रीत वेगळी असते, हेही तुम्ही बजावलंत, म्हणून वाचणाऱ्यांनी माझ्यावर विसंबू नये.

मी पर्स काढली तर तुम्ही हात मागे घेतलात. “आज नको. उद्या गार असताना चालली तर द्या.” गाडी आणखी एक रात्र तुमच्या शेडमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी तुम्ही मला फिरवायला लावलीत. काटा तेराशेला गेला, तिथं थांबला आणि इंजिन तापेल तसा हळूहळू खाली आला. बिल साडेसहाशे रुपये, स्प्रेच्या डब्यासकट. दोन सकाळी मोडल्या त्याचे किती, विचारलं तर तुम्ही पोराला चहा सांगायला पाठवलंत.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. दोन्ही बाई तुमची आठवण काढतात. त्यातल्या एकींच्या स्कूटरचं काहीतरी आहे, तुम्ही स्कूटर बघता का?

शनिवारी शाळा लवकर सुटते. अकरापर्यंत गेज घेऊन येते. आईनं शेंगा चटणी कुटलीय, तिखट आहे, धाकटीला जपून द्या.

तुमची,
जुळे सोलापूरच्या बाई