पर्वतीवरच्या काकूंना, मनापासून

काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात देऊ शकले असते. पण चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जणींना व्यायाम सुरू करायला जमतं आणि टिकवायला जमत नाही. त्यांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या घरच्या जिन्यासारख्या नाहीत. त्या रुंद आहेत, त्यामुळे पावलांची लय सापडेपर्यंतच दम लागतो. चढताना तुम्ही विचारायचात, "आज डब्याला काय केलंस?" तुमचं लक्ष उत्तरापेक्षा माझ्या श्वासाकडे असायचं, हे मला उशिरा कळलं. वाक्य सलग आलं तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की तुम्ही पदर सावरायच्या निमित्ताने थांबायचात. आणि मी चालता चालता गाणं गुणगुणायला लागले की म्हणायचात, "गाता येतंय? मग उचल पाय." मध्यम श्रमाचा व्यायाम ओळखायची हीच खूण डॉक्टरही सांगतात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं असा व्यायाम करायला सांगते. आकडा ऐकून मला धडकी भरली होती. तुम्ही दोन वाक्यांत तो माझ्या आवाक्यात आणलात: "पाच दिवस, अर्धा अर्धा तास. दोन दिवस तुझे."

नुसत्या चालण्यावर तुम्ही भागू दिलं नाहीत, याचे वेगळे आभार. पाळी जायच्या सुमारास हाडांची झीज वाढते, स्नायू तर त्याच्या आधीपासूनच हळूहळू कमी होत असतात. हे तुम्ही मला घाबरवायला कधी सांगितलं नाहीत. वर देवळापाशी पोचल्यावर कट्ट्यावर बसवायचात आणि हात न टेकवता उठायला लावायचात. मग भिंतीला हात लावून पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली. उतरताना घाई नाही, पाऊल तिरकं ठेवायचं, कारण गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो. आज भरलेली कळशी उचलताना किंवा जमिनीवरून उठताना मला कुणाचा हात लागत नाही. त्यामागे तो कट्टा आहे.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते खंडांचं. लेकाची दहावी, आईचं आजारपण, पावसाळ्यात पायऱ्यांवर धरलेलं शेवाळ. आमच्या वयात व्यायाम मोडतो तो आळसापेक्षा अशा कारणांनी जास्त. घरातल्या प्रत्येकाची गरज बाईच्या सकाळवरच येऊन पडते. तुम्ही खंड कधी मोजला नाहीत. किती दिवसांनी आलीस, असा टोमणा नाही, की "आता भरून काढ" असा हट्ट नाही. "आज निम्म्यापर्यंतच जाऊ," एवढंच. पावसात तुमच्या सोसायटीच्या जिन्यावर, आई दवाखान्यात होती तेव्हा तिथल्या जिन्यावर. फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन मजले चढ, उतर आणि आईजवळ जाऊन बस." त्या काळात माझी सवय तगली ती त्या दोन मजल्यांवर.

आणि तो तुमचा निरोप! पहाटे पावणेसहाला मोबाइलवर एकच शब्द: "निघाले." उत्साह असेल तर जाऊ, असं म्हणत बसले असते तर निम्म्याहून जास्त सकाळी अंथरुणातच गेल्या असत्या. एक बाई अंधारात घराबाहेर पडली आहे आणि पायथ्याशी माझी वाट बघणार आहे, हे कळल्यावर उत्साहाचा प्रश्नच उरत नाही. रात्रीच बूट दाराशी काढून ठेवायची सवयही तुमचीच.

काकू, इतक्या सकाळी बरोबर चढलो, पण "वजन किती उतरलं?" असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. झोप लागते का, कंबर कशी आहे, चिडचिड कमी झाली का, हेच विचारलंत. बाकी सगळे काट्याकडे बघत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. काटा महिनोन्महिने हलला नाही, तरी मी येत राहिले ती त्यामुळेच.

आता माझी धाकटी जाऊ यायचं म्हणते आहे. तिला दम लवकर लागतो आणि ती लाजते. सोमवारी घेऊन येते. डब्याचं तिलाही विचारा.

तुमची,
पर्वतीची सोबतीण