कुणाला सांगत होतीस?

पुणे

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, रेडिओचं हे कंत्राटी काम किती दिवस करणार म्हणून. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल मी रेडिओवर बोलले, ते तुम्ही दोघांनी मोबाइलवर लावून ऐकलंत. आई म्हणाली, आवाज गोड आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुणाला सांगत होतीस?" फार लागलं तेव्हा. रात्री संहिता पुन्हा काढली. 'प्रादुर्भाव आढळल्यास बाधित अवशेषांची विल्हेवाट लावावी.' आपल्या शिवारात असं वाक्य कुणी कधी कुणाशी बोललेलं नाही. आता मी लिहिते, 'डाग दिसला की फांदी कापा. खाली पडलेली फळं-पानं वेचा आणि बागेबाहेर नेऊन जाळा.' लिहून झालं की मोठ्यानं म्हणून बघते. दम पुरला नाही की वाक्य मोडते.

आपल्याच मुलखातला एक माणूस या वाटेनं आधी गेलाय. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. जन्म १९२७ चा, शाळा अर्ध्यावर सुटलेली. १९४९ साली 'माणदेशी माणसं' आलं आणि आपल्या कोरड्या मुलखातली माणसं पुस्तकात जाऊन बसली. १९५५ पासून ते आकाशवाणी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात काम करू लागले. केंद्र सुरू झालं होतं २ ऑक्टोबर १९५३ ला, म्हणजे तेही नवंच. त्याच १९५५ च्या १ एप्रिलला त्यांचे थोरले बंधू गदिमा यांचं गीतरामायण तिथूनच सुरू झालं. आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. त्याबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र धाकट्या भावाचं काम जवळचं वाटतं.

ते लागले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ साली, पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावोगावी मंडळं केली. माणसं रेडिओभोवती बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, मग आपसांत बोलायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. पुढे ही पद्धत देशभर गेली. हे वाचलं तेव्हा गोठ्यातल्या खुंटीवरचा आपला रेडिओ डोळ्यांपुढे आला. चामडी कव्हरातला. सेल उतरले की आई ते उन्हात ठेवायची, आणि धार काढताना बाजारभाव लागले की तुम्ही आम्हाला हातानंच गप्प करायचात.

नोकरीनं लेखक मरतो, असं सगळे म्हणतात. माडगूळकरांच्या बाबतीत मला तसं दिसत नाही. रेडिओच्या नोकरीत असतानाही ते लिहीत राहिले. १९८३ साली 'सत्तांतर'ला साहित्य अकादमी मिळालं आणि अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्याच वर्षीचं. त्यांची वाक्यं मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितली आहेत. आखूड, कुठंही साखर नाही, समोर बसलेल्या माणसाला सांगावं तशी. रोज ज्याला शेतकऱ्याशी बोलायचंय त्याचा हात असा झाला असणार, असं माझं मन सांगतं.

पैसे थोडे मिळतात, हे खरं आहे आणि तुमची काळजीही खरी आहे. पण लाल दिवा लागला की मी आता एकाच माणसाला सांगते. तो गोठ्यात बसलेला असतो आणि त्याचे हात कामात असतात. बाबा, तो माणूस तुम्ही आहात. म्हणून मला हे सोडायचं नाही.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं येते. सोबत रेकॉर्डर आणते. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेला होतात ते मला पहिल्यापासून सांगा, सुकडीच्या चवीसकट. आई, तू जात्यावरच्या ओव्या म्हण. त्यातल्या दोन तरी मला येत नाहीत. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, त्याचा आवाज येतो.

तुमची,
धाकटी