इयत्ता सहावी ते आठवीच्या पालकांसाठी सूचना : इंग्रजीचा तास

सर्व पालकांस कळविण्यात येते की, राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जात असल्याने सहावीपुढील तासाला सुटे शब्द घोकून घेण्याऐवजी बोलणे, वाचणे आणि स्वतःच्या वाक्यांत लिहिणे यांवर भर राहील. बालभारतीच्या पुस्तकातील स्वाध्यायांची उत्तरे फळ्यावर लिहून दिली जाणार नाहीत. त्यामुळे वहीत ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ असे आढळल्यास पाल्यास रागावू नये, तपासणीनंतर ती चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतली जाईल. तोंडी काम व प्रकल्प यांची नोंद आकारिक मूल्यमापनात (शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात) होत असल्याने गाइडमधून उतरवलेली उत्तरे (ती लगेच ओळखू येतात) टाळावीत. घरी रोज दहा मिनिटे धडा मोठ्याने वाचून घ्यावा. आपणांस इंग्रजी येत नसले तरी चालेल.

– विषयशिक्षक, इंग्रजी