मंत्रीसाहेब, ग्रंथपालाचा पगार अनुदानातून बाहेर काढा

दि. १२ ऑगस्ट २०२४

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

आज ग्रंथपाल दिन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालून हे पत्र लिहायला बसले आहे. हार चाळीस रुपयांचा. तो कोणत्या खर्ची टाकला म्हणून तपासणीच्या वेळी कोणी विचारायला नको, म्हणून माझ्याच पैशाने आणला.

गेला महिनाभर आमच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा आधार कार्डांची देवघेव जास्त झाली. 'लाडकी बहीण'चे अर्ज! गावातल्या बायका दुपारची भांडी उरकून यायच्या आणि मी मोबाइलवर नारीशक्ती दूत ॲप उघडून एकेकीचा अर्ज भरायची. नाव आधारवर आहे तसेच हवे, ओटीपी येईपर्यंत नेटवर्क टिकायला हवे. ही तक्रार नाही. माणसाला हवी ती माहिती मिळवून देणे हे ग्रंथपालाचेच काम, आणि त्या निमित्ताने अकरा बायका वाचनालयाच्या सभासदही झाल्या. शेवटी मी माझाही अर्ज भरला. मंजूर झाला तर महिन्याला दीड हजार येतील. आणि अठरा वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून मला मिळतात महिना दोन हजार. बहीण असण्यात आणि ग्रंथपाल असण्यात पाचशे रुपयांचा फरक आहे.

हे दोन हजार आले कुठून, तेही सांगते. आमचे वाचनालय 'ड' वर्गातले, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातले. २०२२ मध्ये शासनाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांचे ४८ हजार झाले. आम्ही पेढे वाटले होते, खोटे का बोलू. या अनुदानातला निम्मा भाग वेतनाचा आणि निम्मा वेतनेतर खर्चाचा. म्हणजे वर्षाला चोवीस हजार पगार. उरलेल्या चोवीस हजारांत पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके, वीजबिल, लेखापरीक्षकाची फी आणि कपाटांना वाळवी लागली तर तिचा बंदोबस्त. वर्गणी वसूल करून, दिवाळी अंकांची योजना चालवून आम्ही बाकीचे भागवतो. दुसरा हप्ता आमच्या हाती पडतो मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत पुस्तके घेऊन, शिक्के मारून दाखल रजिस्टरला चढवायची असतात. वाचकाने जूनमध्ये मागितलेले पुस्तक पुढच्या मार्चपर्यंत थांबते. वाचक थांबत नाही.

आता मुद्द्याचे. अनुदान आणखी वाढवा, असे सांगायला मी लिहीत नाही. ते सांगायला आमचा ग्रंथालय संघ आहे. माझे म्हणणे एवढेच की ग्रंथपालाचा पगार अनुदानातून बाहेर काढा. अनुदान संस्थेला द्या, पगार माणसाला द्या, त्याच्या खात्यावर. जोवर दोन्ही एका पाकिटात आहेत तोवर मी घेतलेला प्रत्येक रुपया वाचकाच्या तोंडचा घास आहे आणि कार्यकारी मंडळाने घेतलेले प्रत्येक पुस्तक माझ्या ताटातला. अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, पण हा हिशेब भलेपणाने सुटत नाही.

ग्रंथालय संघ म्हटले की मंत्रालयात बहुधा निवेदनांची फाइल डोळ्यांपुढे येत असेल. संघाचे खरे काम त्या फायलीत दिसत नाही. आमच्या जिल्ह्याचा संघ ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग चालवतो, परीक्षा आपलेच ग्रंथालय संचालनालय घेते. मी तिथेच शिकले. त्याआधी आमच्या वाचनालयात पुस्तके रंगाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे लावलेली असायची, दिसायला फार सुबक. वर्गात दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तके लावणे, शिकले, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची करायला शिकले, आणि परत येऊन दोन उन्हाळे ३,४०० पुस्तके नव्याने लावली. शेतीची पुस्तके एका जागी आल्यावर पहिल्यांदा कळले की आमच्याकडे डाळिंबावर चार पुस्तके आहेत. तोवर ती चार कपाटांत होती आणि डाळिंबवाले शेतकरी खतांच्या दुकानदाराला विचारून फवारणी करत होते.

माणूस शिकवला की ग्रंथालय उभे राहते, हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याचा सयाजीराव महाराज झाला. त्याने १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि गावोगाव ग्रंथालये काढताना ती चालवणाऱ्यांसाठी वर्गही सुरू केला. १९३३ मध्ये कलकत्त्यात भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९४४ ते १९५३ त्याचे अध्यक्ष होते रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी राज्याराज्यांसाठी ग्रंथालय कायद्याचे मसुदे लिहून दिले आणि १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला. राष्ट्रीय संघाच्या हातात मात्र मसुदा देणे आणि पाठपुरावा करणे एवढेच होते आणि आहे, कारण राज्यघटनेने ग्रंथालये राज्यसूचीत टाकली. म्हणून हे पत्र दिल्लीला न जाता आपल्याकडे येत आहे.

आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात एक गोष्ट फार चांगली आहे: राज्य, विभाग आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर ग्रंथालय संघाला मान्यता देण्याची सोय त्यानेच केली. दुसरी मात्र राहून गेली. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर आहे, कर्नाटकच्या आहे, केरळात इमारत कराबरोबर तो घेतात. गोव्याने तर मद्यावर अधिभार लावून ग्रंथालयांची सोय केली. (पिणाऱ्याच्या हातून का होईना, वाचणाऱ्याला मिळते!) महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे आमचा दरवर्षीचा पैसा अर्थसंकल्पाच्या मर्जीवर, आणि त्यात पगार हा आकडा स्वतंत्र दिसतच नाही.

केरळचे उदाहरण मला नेहमी आठवते. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने १९४५ मध्ये ४७ ग्रंथालये एकत्र आणून तिथला ग्रंथशाळा संघ सुरू केला. गावोगावच्या वाचनालयांची ती संघटना पुढे इतकी वाढली की १९८९ च्या कायद्याने तिच्या जागी निवडून आलेल्या प्रतिनिधींची ग्रंथालय परिषदच आली. तिथे संघ दाराबाहेर निवेदन घेऊन उभा राहिला नाही, घरातला झाला. आपल्याकडे रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. वारसा आपला थोडा नाही. पण वारशाचा सत्कार करणे सोपे, त्याचा पगार देणे अवघड.

सत्कारावरून आठवले. आमच्या अधिवेशनांत शाल-श्रीफळात अर्धा दिवस जातो, हा आमचा दोष आहे आणि तो मी कबूल करते. उरलेल्या अर्ध्या दिवसात ठराव होतात. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींच्या ठरावाच्या वेळी कोणीतरी ज्येष्ठ कार्यकर्ता उठून व्यंकप्पा पत्की समितीचे नाव घेतो. मी पहिल्यांदा ते नाव ऐकले तेव्हा मला वाटले, ही समिती नुकतीच नेमली असेल. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ हसले, ती जुनीच होती. ते आता निवृत्त झाले. निवृत्त म्हणजे घरी बसले एवढेच, पेन्शन कुठली.

शासन दरवर्षी रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांचा पाचवा सिद्धांत आम्हाला वर्गात पाठ करून घेतला होता: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. परीक्षेत मी त्यावर दोन पाने लिहिली होती. पुस्तके वाढतात, वाचक वाढतात, सेवक वाढतात, असे त्याचे तीन भाग. तिसऱ्या भागाला आता काय उदाहरण द्यावे, हे आपणच सुचवावे.

पैशाची सोय नाही असे उत्तर आले तर मी ते मानणार नाही. निदान एवढे करा: ज्यांनी आपल्याच संचालनालयाची परीक्षा दिली आहे, त्या ग्रंथपालांची यादी जिल्हा संघांकडून मागवा. वर्ग संघांनीच चालवले, कोण कुठे काम करते हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या यादीतल्या माणसांना किमान वेतन थेट खात्यावर देण्यापासून सुरुवात करा. म्हणजे शिकण्याला काही किंमत आहे, हे तरी दिसेल.

आमच्या गावातली एक मुलगी आहे, बारावी झालेली. चौथीत असल्यापासून वाचनालयात येते. माझ्या गैरहजेरीत देवघेव तीच बघते, रजिस्टरमधले अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. तिला प्रमाणपत्र वर्गाला जायचे आहे. अर्ज तिने भरून आणून दिला आहे. त्यावर वाचनालयाचा शिक्का आणि माझी सही हवी. परवा तिच्या वडिलांनी मला पारावर गाठून विचारले, "मॅडम, शिकून झाल्यावर हिला किती मिळतील?"

अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अजून सही केलेली नाही.

आपली,
एक ग्रंथपाल
'ड' वर्ग सार्वजनिक वाचनालय