स्कूबलला काढलं ऑक्टोबरात, सामना हरलो होतो जुलैतच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोलंदाज नेमका कधी बदलावा, यावर आपल्या क्रीडा पानावर अलीकडे एक टिपण आलं होतं. विषय चांगला होता आणि लेखनही खुसखुशीत. पण शेवटी लेखकांनी अमेरिकेतल्या बेसबॉलकडे मोर्चा वळवला आणि आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा दोन वाक्यांत निकाल लावून टाकला. मॅनेजरने संगणकाचं ऐकून भरात असलेल्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, बाहेर काढलं आणि संघ घरी गेला, असा त्यांचा निष्कर्ष. ऑक्टोबरपासून हेच ऐकून माझे कान किटलेत. आता कोल्हापूरला बसून वाचायच्या पेपरातही तेच यायला लागलं, म्हणून हे पत्र.

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर १९८५ साली मिशिगनला आले आणि पुढे बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी केली. सेंट्रिफ्यूज फिरत असायचा आणि शेजारी रेडिओवर टायगर्सची मॅच लागलेली असायची. समालोचक एर्नी हार्वेल. फाउल बॉल प्रेक्षकांत गेला की तो इप्सिलांटीच्या एका गृहस्थांनी झेलला, असं ते ठोकून द्यायचे. उद्या गाव बदलायचं. त्यांना अर्थातच काही ठाऊक नसायचं, पण आम्ही लॅबमध्ये हसायचो. मी इंग्रजी बोलायला आणि बेसबॉल समजायला एकदमच शिकले. अजूनही स्कोअर वहीत पेन्सिलीनेच लिहिते, त्यामुळे खालचं सगळं वहीत बघून लिहिते आहे.

सामना १० ऑक्टोबर २०२५ चा, सिॲटलमधला. पाच सामन्यांच्या मालिकेतला पाचवा. हरणारा घरी जाणार. आमचा पिचर तारिक स्कूबल, डावखुरा, २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर. त्याने सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, त्यातले सात तर ओळीने. माझ्या वहीच्या त्या पानावर स्ट्राइकआउटची खूण असलेल्या इंग्रजी ‘के’ची नुसती रांग लागली आहे. चेंडू झाले होते ९९ आणि आम्ही २-१ ने पुढे होतो. सातव्या इनिंगला मॅनेजर ए. जे. हिंच यांनी त्याला बसवलं आणि काइल फिनेगनला आणलं. फिनेगनने माणसं बेसवर जाऊ दिली. मग टायलर होल्टन आला आणि बदली बॅटर लिओ रिव्हासने त्याच्यावर सिंगल मारून बरोबरी केली. नऊ इनिंगचा सामना पुढे थेट पंधराव्या इनिंगपर्यंत ताणला गेला. पहाटेचा एक वाजून गेल्यावर पोलँकोच्या हिटवर सिॲटल ३-२ ने जिंकलं.

क्रिकेटच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. इथे एकदा काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बुमराहला चार ओव्हर टाकून बाजूला ठेवलं आणि शेवटी पुन्हा बोलावलं, ही सोय बेसबॉलमध्ये नाही. म्हणून या निर्णयावर एवढी डोकी फुटतात.

आता लोक हिंच यांच्या नावाने बोटं मोडतात, ती का ते मला कळतं. या गृहस्थांचा इतिहासच तसा आहे. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना. तेव्हा ते ह्यूस्टनचे मॅनेजर होते. झॅक ग्रिंकी सुंदर टाकत होता. सातव्या इनिंगमध्ये एक होमरन (मैदानाबाहेरचा फटका) आणि एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) गेला, तेवढ्यात त्याला ८० चेंडूंवर काढलं. विल हॅरिस आला आणि हॉवी केंड्रिकने चेंडू उजवीकडच्या फाउलच्या खांबावर आदळला, म्हणजे होमरन. सामना वॉशिंग्टनने नेला. त्यांचा भारी पिचर गेरिट कोल बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, होता, त्याला बोलावलंच नाही. हे सगळं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

पण या पोरांना २०२४ चा ऑक्टोबर आठवत नाही. तीच फेरी, तोच पाचवा सामना, फक्त समोर क्लीव्हलंड. आम्ही १-० ने पुढे. पाचव्या इनिंगला तिन्ही बेसवर त्यांची माणसं आली, तरी हिंच यांनी स्कूबलला हात लावला नाही. लोकांना हवं तेच केलं, आपल्या हिऱ्यावर विश्वास ठेवला. एक चेंडू होसे रामिरेझला लागला, त्यामुळे त्यांना फुकटचा रन मिळाला आणि बरोबरी झाली. त्यानंतरच्या पहिल्याच चेंडूवर लेन थॉमसने ग्रँड स्लॅम मारला. चार रन एका फटक्यात, खेळ खलास. म्हणजे स्कूबलला ठेवलं तेव्हाही हरलो आणि काढलं तेव्हाही हरलो. मग चुकलं कोण?

आणि सिॲटलच्या मॅनेजरने त्या रात्री काय केलं, ते आपल्या टिपणात कुठेच नाही. सहाव्या इनिंगला आमच्या हाविअर बाएझने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारल्याबरोबर डॅन विल्सन यांनी आपल्या चांगल्या चाललेल्या जॉर्ज कर्बीला काढलं. चेंडू जेमतेम साठ-पासष्ट झाले असतील. गेब स्पायर आला आणि केरी कार्पेंटरने त्याला स्टँडमध्ये भिरकावलं. आमचे दोन्ही रन त्या एका फटक्याचे. विल्सन यांचा निर्णय हिंच यांच्यापेक्षा जास्त लवकर आणि जास्त स्पष्टपणे फसला होता. पण शेवटी ते जिंकले, त्यामुळे त्यांना कोणी काही विचारलं नाही. आमच्या बॅटरनी पंधरा इनिंगमध्ये त्या दोनावर तिसरा रन केला असता, तर हिंच यांनाही कोणी विचारलं नसतं.

माझे शेजारी फोर्डमधून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना हे अजिबात मान्य नाही. बर्फ ढकलायचं फावडं टेकवून ते मला दर वेळी टायगर्सचा जुना पिचर मिकी लोलिच ऐकवतात. १९६८ ची वर्ल्ड सिरीज. लोलिचने तीन सामने पूर्ण टाकले, तिन्ही जिंकले आणि सातवा तर फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर, तेही बॉब गिब्सनसमोर. ‘आणि हे पोरगं नव्याण्णवात दमलं?’ मी त्यांना जॅक्सन जोबची आठवण करून देते. आमचा तरणाबांड पिचर, जूनमध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. (हे ऑपरेशन १९७४ मध्ये पहिल्यांदा करणारे डॉक्टरही फ्रँक जोबच. आडनाव तेवढं सारखं.) आज प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकतात. त्यात एकच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा हात ओळखीचा झालेला असतो. हे सांगायला संगणक लागत नाही, माझ्या वह्या चाळल्या तरी दिसतं. आजोबा ऐकून घेतात आणि पुन्हा लोलिचवर येतात.

तर माझं म्हणणं असं की सामना हरलो तो जुलैत. बेसबॉलमध्ये खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, भर हंगामात चालते आणि २०२५ मध्ये तिची मुदत ३१ जुलैच्या संध्याकाळी संपत होती. आयपीएलमध्ये जडेजा आणि सॅमसन यांची अदलाबदल आपण नोव्हेंबर २०२५ मध्ये पाहिली, पण ती हंगाम नसताना झाली. इथे तुमचा पिचर मंगळवारी तुमच्यासाठी टाकतो आणि शुक्रवारी तुमच्याविरुद्ध. ज्याला ऑक्टोबरात खेळायचं असतं तो जुलैत घरातली होतकरू पोरं देऊन तयार माल घेतो.

जुलैच्या सुरुवातीला आमचा संघ गटाच्या तक्त्यात क्लीव्हलंडच्या साडेपंधरा सामने पुढे होता. महिनाअखेरीस रीस ऑल्सनचा खांदा गेला, जोब आधीच गेलेला. जॅक फ्लॅहर्टीचं एक दिवस बरं, दोन दिवस वाईट असं चाललं होतं. त्याच्या खात्यावर शेवटी १५ पराभव जमा झाले. सरळ दिसत होतं की एक खणखणीत पिचर हवा. टायगर्सचा कारभार बघणारे स्कॉट हॅरिस यांनी काय आणलं? मिनेसोटाकडून क्रिस पॅडॅक आणि बाल्टिमोरकडून ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन. बाजार उठताना टोपलीत उरलेली भाजी घ्यावी, तशी ही खरेदी. मॅकगोनिगल आणि मॅक्स क्लार्क ही होतकरू पोरांमधली दोन रत्नं द्यायची नव्हती, तिथे मी हॅरिस यांच्या बाजूने आहे. पण त्यांच्या खालीही बरीच पोरं होती की. याच खरेदीतला फिनेगन तेवढा चांगला निघाला, हे मान्य. पॅडॅकची सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) आमच्याकडे सहाच्या वर गेली, मॉर्टनची सातच्या वर. सप्टेंबरात मॉर्टनला निरोपाचा नारळ दिला. आणि साडेपंधरा सामन्यांची आघाडी? क्लीव्हलंड एका सामन्याने गट जिंकून गेलं.

मॉर्टनला मी हसणार नाही, आणि आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळाला चिवड्याच्या बश्या हातात घेऊन जे हसत होते त्यांना मी तोंडावर सांगितलं. या माणसाने २०२१ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात चेंडू लागून पायाचं हाड मोडल्यावर आणखी १६ चेंडू टाकले होते. चूक त्याची नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याच्याकडून जी अपेक्षा ठेवली ती चूक.

उलट सिॲटलने त्याच जुलैत ॲरिझोनाकडून जॉश नेलर आणि युहेनियो सुआरेझ असे दोन बॅटर उचलले. १० ऑक्टोबरला स्कूबलसारख्या स्कूबलवर जो एकमेव रन झाला, तो नेलरचा. डबल मारला, तिसरा बेस चोरला, मागच्या बॅटरच्या उंच झेलावर धावत येऊन रन पूर्ण केला. २०२४ मध्ये आम्हाला बुडवणारा लेन थॉमस? त्यालाही क्लीव्हलंडने त्याच वर्षीच्या जुलैत वॉशिंग्टनकडून आणलेलं. आणि तेव्हा आम्ही काय करत होतो? फ्लॅहर्टीला (तो पुढे आमच्याकडे परत आला) डॉजर्सना देत होतो. तरीही २०२४ ला आम्ही प्लेऑफला पोचलो, बुलपेनमधली सहा-सहा माणसं फिरवून. हिंच यांनी त्याला ‘पिचिंग केऑस’, म्हणजे पिचिंगचा गोंधळ, असं नावही दिलं होतं. माझ्या मते त्या वर्षीच्या यशाने मालकांना वाईट सवय लागली. काटकसरीत भागतंय तर भागू दे.

घरातल्या घरातही वाद आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, स्कूबल २०२६ चा हंगाम संपला की करारातून मोकळा होणार. एवढे पैसे आपले मालक देणार नाहीत. आत्ताच विका, चार पोरं मिळतील.’ हिशेब चुकीचा नाही. पण मी १९८७ चा ऑगस्ट पाहिला आहे. टायगर्सनी अटलांटाकडून छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा मिशिगनचाच पोरगा दिला. अलेक्झांडरने ओळीने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. गट आम्ही टोरांटोच्या नाकावर टिच्चून जिंकला. आमच्या लॅबमध्ये त्या ऑक्टोबरच्या रविवारी रक्ताच्या नळ्या कोणी कशा लावल्या देव जाणे. पुढे मिनेसोटाने आम्हाला झोपवलं आणि स्मोल्ट्झ अटलांटाकडून हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉइटमध्ये आजही या ट्रेडचं नाव काढलं की लोक कपाळावर हात मारतात. मी मारत नाही. त्या ऑगस्टमध्ये जिंकायचं होतं आणि जिंकायला जे लागत होतं ते आणलं. नंतर पोरगं मोठं झालं, याचा दोष विकणाऱ्याला कसा द्यायचा? स्मोल्ट्झ आता टीव्हीवर समालोचन करतो, तेव्हा मी आवाज मोठा करून ऐकते.

म्हणून माझं मत: स्कूबलला विकू नका. २०२६ हे एक वर्ष हातात आहे. त्याच्या जोडीला याच हिवाळ्यात एक खराखुरा पिचर घ्या आणि जुलैत काटकसर करू नका. नोव्हेंबरात स्कूबल गेला तर जाऊ दे.

आपल्या टिपणकारांना एवढंच कळवावं की पुढच्या वेळी मॅनेजरच्या हातात किती पत्ते होते तेही मोजावे. वहीतलं ते पान हवं असेल तर फोटो काढून पाठवते. अक्षर सातव्या इनिंगपर्यंत सुवाच्य आहे.

आपली,
एक जुनी वाचक
कॅन्टन, मिशिगन