पाटीवर भरतीची वेळ लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भटकंतीवर लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते. चढाईच्या वाटांची माहिती त्यात चोख असते: उंची किती, तास किती, पाणी कुठं मिळेल, कुठं जपून पाय टाकायचा. सपाट वाट आली की मात्र ‘सोपी, मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी उत्तम’ एवढ्यावर भागवलं जातं. समुद्रकाठच्या जंगलातून आणि खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या सखल चिखलट जमिनीतून, गोल फिरून परत सुरुवातीला आणणाऱ्या वाटांबद्दल एवढं लिहून पुरत नाही. त्यानं नुकसान होतं. नुकसान करणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे पत्र.

माझं वय त्रेसष्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चढउतार बंद झाले, सपाट चालायची मुभा राहिली. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीबरोबर अशा एका वाटेवर गेले. सुरुवातीला पाटी होती: अंतर सहा किलोमीटर, वाट सपाट, श्रम कमी. आणखी काही नाही. पहिला अर्धा भाग जंगलातला. पायाखाली वाळू आणि तिच्यावर पाल्याचा मऊ थर. समुद्राकडची झाडं सगळी एकाच बाजूला झुकलेली, कंगवा फिरवल्यासारखी. खारा वारा समोरचे कोवळे कोंब जाळतो, आडोशाचे तेवढे वाढतात, म्हणून झाडाला तसा आकार येतो. हे बहिणीला दाखवत, बसत, उठत आम्ही चाललो होतो. सपाट वाटेवर घाई कशाला करायची?

जंगल संपतं तिथं जमीन जेमतेम गुडघाभर उतरते. उतार पायाला कळतसुद्धा नाही, पण झाडं एका रेषेत थांबतात आणि खाजण सुरू होतं. इथं वीतभर उंचीला फार मोल आहे. खारं पाणी रोज दोनदा येणार की महिन्यातले चारच दिवस, हे त्या वीतभरावर ठरतं आणि त्याप्रमाणे वनस्पती बदलत जाते. आम्ही तिथं पोचलो तेव्हा वाटेवर घोटाभर पाणी होतं. लाटा नाहीत, आवाज नाही. खाजणात भरतीचं पाणी समोरून चाल करून येत नाही. ते बारीक ओहोळांतून चढत जातं, पुष्कळदा आपल्या पाठीमागून. निम्म्याहून जास्त वाट झाली होती, त्यामुळे मागं फिरण्यापेक्षा पुढं जाणं जवळचं वाटलं. गोल वाटेवर माणूस असाच फसतो.

आमच्या मागंपुढं दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. चपला-बूट वाचवायला वाट सोडली आणि शेजारच्या किंचित उंच, हिरव्या पट्ट्यावरून चाललो. तो पट्टा म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणारी मांसल, पेरापेरांची झुडपं. पेरांत पाणी साठवून ती खारेपणा सोसतात. पायाखाली ती कट्‌कट्‌ मोडत होती. तो आवाज मला ऐकू येत होता, तरी मी चालत राहिले.

यंदा त्याच वाटेवर पुन्हा गेले, या वेळी ओहोटी पाहून. वाटेला समांतर एक उघडी पट्टी दिसली, हातभर रुंद. हिरवं काही नाही. आमच्यानंतरही कितीजण तिथून गेले असतील. एका पाऊलठशाजवळ मी खाली वाकून पाहिलं. टाचेच्या खड्ड्यात पाणी साचून आटलं होतं आणि कडेला मिठाची पांढरी रेघ धरली होती. चिखल दाबला गेला की पाणी निचरत नाही, उन्हानं आटतं, मीठ मागं राहतं. असं पुन:पुन्हा झालं की ती जागा इतकी खारट होते की खाऱ्या जमिनीतलं बीसुद्धा तिथं रुजत नाही.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल, आणि त्या दिवशी पाटीवर ‘सपाट’ वाचून निर्धास्त झाले. तेव्हा इतरांना दोष देणार नाही. पण ज्यांनी पाटी लावली त्यांना आणि जे वाटांवर लिहितात त्यांना एवढं नक्की सांगेन की इथं वाटेची अवघडाई उंचीवर नसते, वेळेवर असते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांवर जातो. याचा अर्थ असा की तुमचा लेखक एका रविवारी सकाळी नऊला ओहोटीत कोरड्या वाटेनं गेला असेल, तर पुढच्या रविवारी त्याच नऊला तिथं भरती असते. ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, उधाणाची असली तर वाट पाण्याखाली. लेख वाचून निघालेल्या वाचकाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

पाणी सारख्या वेगानंही चढत नाही. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक, असा दर्यावर्दींचा ढोबळ हिशेब आहे. तासभर काही होत नाही म्हणून माणूस गाफील राहतो आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. समुद्राकडून वारा जोराचा असेल तर ते वेळापत्रकापेक्षाही वर चढतं.

भरती उतरू लागल्यावर दोन-तीन तासांनी निघावं, खाजणाचा भाग आधी उरकावा आणि जंगल मागाहून निवांत पाहावं. त्या वेळी उघड्या पडत जाणाऱ्या चिखलात चिखले, तुतारी, कुरल अशा पक्ष्यांचं खाणं चाललेलं असतं. भर भरतीत त्यांना टेकायला कोरडी जागा फार थोडी उरते आणि पुष्कळदा ती आपली वाटच असते. आपण तिथं गेलो की ते उडतात, ऐन विश्रांतीच्या वेळी. वाटेवर पाणी दिसलंच तर थांबावं किंवा आल्या वाटेनं परतावं. गोल पुरा झालाच पाहिजे असं थोडंच आहे!

एक गोष्ट राहिली. जंगलाच्या कडेला काही वाळलेली झाडं उभी होती. पानं नाहीत, साल गेलेली. त्यांच्या मुळाशी मला खाजणातलीच मांसल झुडपं उगवलेली दिसली. १९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरनं, म्हणजे वीतभरानंच वाढली. ती झाडं कशानं वाळली हे एका झाडावरून कुणी ठरवू नये. पण खारं पाणी वर सरकतं तसं खाजणालाही मागं, जमिनीकडे सरकावं लागतं. त्या सरकणाऱ्या कडेवर आपण पायांनी तुडवून आणखी भार टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाटेची देखभाल करणाऱ्यांना मी लिहिलं आहे: पाटीवर त्या दिवसाच्या भरतीची वेळ रोज खडूनं लिहावी आणि वाटेवरची सर्वांत सखल जागा नकाशात दाखवावी. अजून उत्तर नाही. आपल्याकडे मागणं त्याहून लहान आहे. समुद्रकाठच्या वाटेवर लेख छापाल तेव्हा लेखक कोणत्या तारखेला, किती वाजता तिथं होता आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढी एक ओळ अंतराच्या आकड्याशेजारी छापावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका